डावा आता मागचा

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी देवदत्त विजयकर गॅलरीत टॉवेल वाळत घालायला गेला आणि टॉवेल हातातच राहिला, कारण भिंतीवरच्या हुकाला सायकल नव्हती. हूक होता. हुकाखाली टायरचा जो काळा डाग पडला होता तोही होता. अप्पांनी, त्याच्या वडिलांनी, गेल्याच आठवड्यात कोणालाही न सांगता त्यावर चुना लावून पाहिला होता, त्यामुळे डाग आता काळ्याऐवजी राखाडी झाला होता आणि आधीपेक्षा जास्त दिसत होता. सायकल तेवढी नव्हती. सायकल नाही म्हणजे ऋग्वेदा नाही, आणि ऋग्वेदा सायकलवर आहे म्हणजे तिचे दोन्ही हात या क्षणी दोन ब्रेकांवर आहेत, आणि त्या हातांना जे माहीत आहे ते काल सकाळी साडेदहापासून खरं राहिलेलं नाही. हे जगात फक्त देवदत्तला माहीत होतं. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. पुढचा तासभर टॉवेल खांद्यावरच राहिला.

ऋग्वेदा त्याची धाकटी बहीण. चार वर्षं पिट्सबर्गला होती. गेल्या जूनमध्ये तीन महिन्यांसाठी म्हणून आली ती दोन बॅगा आणि माणसाएवढं एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन, आणि त्या खोक्यात ही सायकल होती, बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल असलेली, एका हाताने उचलता येईल इतकी हलकी. तीन महिन्यांसाठी येणारं माणूस सायकल घेऊन येत नाही, हे मुगभाटातल्या त्या तीन खोल्यांत सगळ्यांच्या लक्षात आलं आणि कोणीही काहीही विचारलं नाही. त्याऐवजी अप्पांनी गॅलरीत हूक ठोकला. आईने कपाटातले दोन कप्पे रिकामे केले. देवदत्तने वाय-फायचा पासवर्ड बदलून सोपा केला. आता अकरावा महिना चालू होता. विचारायचं जे राहून गेलं ते हुकासारखंच भिंतीत पक्कं बसलं होतं. त्यावर आता वस्तू टांगता येत होत्या.

स्वयंपाकघरात आई लसूण सोलत होती, उजवं मनगट न वळवता, सगळी बोटं कामाला लावून.

"ऋगू कुठे गेली?"

"फिरायला."

"ती सातला जाते. सांगून गेली?"

"या घरात कोण सांगून जातं?" आईने वर न बघता म्हटलं. "ठिपका बघ ना फोनवर. त्यासाठीच तर घेतला."

ठिपका हा आईचा शोध. 'आपण चौघं' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप तिनेच काढला, आणि जो कोणी बाहेर पडेल त्याने आपलं चालतं ठिकाण ग्रुपवर लावून जायचं असा नियम केला. न सांगणाऱ्या माणसांसाठी न सांगता सांगण्याची सोय. ती इतकी यशस्वी झाली की आता चौघं एकमेकांशी बोलण्याऐवजी एकमेकांचे ठिपके बघत. अप्पा वाचनालयातून येताना कोपऱ्यावर भजी खायला थांबतात, हे तिघांना ठिपक्यावरून कळलं होतं आणि तिघांनीही ते मनात ठेवलं होतं. देवदत्तने फोन उघडला. ऋग्वेदाचा ठिपका चौपाटी संपवून वाळकेश्वरच्या दिशेने चालला होता.

तिची रविवारची फेरी त्याला पाठ होती. चौपाटी, वाळकेश्वर, तीनबत्तीचा चढ, वर हँगिंग गार्डन, तिथे थर्मासवाल्याकडे चहा, आणि मग रिज रोडचा उतार, केम्प्स कॉर्नरपर्यंत एका दमात. त्या उताराबद्दल ती एकदाच बोलली होती. "दादा, तिथे मी काहीच विचार करत नाही. आठवड्यातली तेवढीच दीड मिनिटं." देवदत्तने तेव्हा "हं" म्हटलं होतं. कसला विचार करत नाही, हे विचारण्यासारखं होतं. पण तो त्या वेळी गिझरचा नॉब घट्ट करत होता.

आता ब्रेकांचं. आपल्याकडे सायकलचा उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाला लागतो, डाव्याचा मागच्या. अमेरिकेत बरोब्बर उलट. पुढचा ब्रेक एकदम दाबला तर सायकल थांबते आणि माणूस पुढे जातो. मागचा एकदम दाबला तर फार तर चाक घसरतं. एवढंच शास्त्र आहे. ऋग्वेदाच्या हातांना चार वर्षं अमेरिकेची सवय: उतारावर दचकायला झालं की तिचा उजवा पंजा आपोआप मिटायचा, कारण उजवा म्हणजे मागचा, उजवा म्हणजे भीती नाही. आणि काल सकाळी, ती आणि आई दादरला गेलेल्या असताना आणि अप्पा वाचनालयात असताना, देवदत्तने हँडलभोवतीची टेप सोडून दोन्ही केबलींची अदलाबदल केली होती आणि टेप परत गुंडाळली होती. आता उजवा म्हणजे पुढचा. आता उतारावर दचकायचं म्हणजे हँडलवरून उडायचं. सपाटीवर हे तिला कळणारही नव्हतं. रविवारी सकाळी सहाला गिरगावात ब्रेक दाबण्यासारखं असतं काय.

त्याने फोन लावला. वाजत राहिला. फोन तिच्या सीटखालच्या पिशवीत असतो आणि चालवताना ती तो घेत नाही. मेसेज लिहायला घेतला. 'ऋगू, एक सांगायचं राहिलं' असं लिहिलं आणि खोडलं, कारण त्यावरून वाटलं असतं की लग्न ठरलंय. 'घाबरू नकोस' असं लिहिलं आणि तेही खोडलं. या दोन शब्दांनी आजवर कोणाचीही भीती गेलेली नाही. शेवटी लिहिलं: 'डावा आता मागचा. उजवा पुढचा. मी काल ब्रेक बदललेत. उतरताना सांभाळ.' दोन राखाडी खुणा उमटल्या. पोचला, वाचला नाही. अप्पा देवघरात होते; पूजा चालू असताना त्यांना काही सांगायचं नसे, आणि पूजा चालू नसतानाही सहसा कोणी सांगत नसे. देवदत्त जिना उतरला, जिन्याखालून अप्पांची काळी जुनी सायकल ओढून काढली, कुलपाच्या आकड्यांवर अप्पांच्या निवृत्तीची तारीख लावली आणि निघाला. न सांगता.

ही सायकल म्हणजे एक शिस्तप्रिय वस्तू होती. वजन म्हशीएवढं, ब्रेकांना केबलींऐवजी लोखंडी सळया, मागे कॅरिअर, पुढे न लागणारा दिवा. प्रार्थना समाजापर्यंत येईतो त्याच्या मांड्या भरून आल्या आणि डोक्यात कालची सकाळ सुरू झाली, आपणहून, एखाद्याने नळ उघडा ठेवावा तशी. केबल आणायला तो शुक्रवारी ऑफिसातून डिलाईल रोडला गंगाधरच्या दुकानात गेला होता. गंगाधर मूळचा मालवणचा, सत्तरीचा, नाकावर चष्मा आणि चष्म्यावर ग्रीस. त्याने काम ऐकून घेतलं, केबल मोजून कापली, आणि देता देता हातातच धरून ठेवली.

"सायकल कोणाची?"

"बहिणीची."

"तिका सांगितलंस?"

"हो," देवदत्त म्हणाला.

"नाय, इचारतंय. सायकलीक कळाक येळ लागणा नाय. हाताक लागता."

आणि मग त्याने केबल दिली. हे वाक्य त्या वेळी देवदत्तला छान वाटलं होतं. इतकं छान की ऑफिसात कोणाला तरी ऐकवावं असं त्याने मनात टिपून ठेवलं, आणि ज्या एका माणसाला ते ऐकवायला हवं होतं तिच्याशेजारी बसून शुक्रवारी रात्री त्याने भात खाल्ला.

ब्रेक बदलायला कारण होतं. ऑपेरा हाऊसच्या सिग्नलला, आत्ता तो जिथून चालला होता तिथेच, महिन्यापूर्वी तो बसमधून बघत होता. ऋग्वेदाने उजवीकडे वळायला उजवा हात बाहेर काढला, आडवी टॅक्सी आली, आणि तिने उरलेल्या डाव्या हाताने ब्रेक दाबला. डावा म्हणजे तिच्या सायकलीचा पुढचा. मागचं चाक जमिनीपासून वीतभर उचललं गेलं, क्षणभर तसंच राहिलं, खाली बसलं. ती निघून गेली. बसमध्ये देवदत्त आपल्या थांब्यावर उतरायचं विसरला. आपल्याकडे हात दाखवायचा तो उजवा, म्हणून डाव्या हातात मागचा ब्रेक हवा. हे इतकं साधं, इतकं बरोबर होतं की ते करून टाकणं म्हणजे पुण्य. असं तो स्वतःला सांगत आला होता. पण या कारणाच्या मागे आणखी एक कारण होतं, आणि ते आता पॅडलच्या प्रत्येक फेऱ्याला थोडं थोडं वर येत होतं, बालदीसारखं. त्यानंतरच्या रविवारी ती दुपारी झोपलेली असताना तो तिची सायकल गुपचूप घेऊन पाव आणायला गेला होता. एकतीस वर्षांचा माणूस, शिंगांच्या हँडलवर वाकून, आपण कसे दिसतो आहोत हे दुकानांच्या काचांत बघत. पाववाल्यासमोर एक मांजर आलं. त्याने डावा दाबला, सवयीने, मागचा समजून. मग तो पाववाल्याच्या पायरीवर होता आणि त्याच्या हनुवटीखाली रक्त. घरी दाढी करताना कापलं म्हणून सांगितलं. म्हणजे सांगितलं नाहीच. कोणी विचारलं नाही, त्याने नुसतं चिकटपट्टी लावून सगळ्यांना दिसेल असं बसून घेतलं. तेव्हा ब्रेक कोणाच्या हातासाठी बदलले, हा प्रश्न तसा कठीण नव्हता.

ऑपेरा हाऊस मागे पडलं. ह्यूजेस रोडला लागताना एक कुत्रा रस्ता ओलांडायला लागला, देवदत्तने उजवा ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही. लिव्हर आली, सळई हलली, आणि खाली चाकाजवळ जाऊन ती सळई हवेत संपली. पुढचा ब्रेक अप्पांनी कधीतरी काढून टाकला होता, आणि लिव्हर व सळई शोभेला ठेवली होती. त्याने डावा दाबला, पाय घासले, कुत्र्याने त्याच्याकडे नाराजीने बघितलं. तो कडेला उतरला आणि फोन काढला. ठिपका तीनबत्तीच्या चढावर होता, मुंगीच्या वेगाने. चढावर भीती नव्हती. चढ जितका लांब तितकं बरं. त्याला वाटलं, मलबार हिल थोडी आणखी उंच असती तर.

विजयकरांच्या घराण्यात पूर्वी गिरगावात दोन वाड्या होत्या म्हणतात. आता उरली होती ती फक्त रीत. रीत अशी की दुसऱ्याच्या वस्तूत काही बिघडलेलं दिसलं तर ते नीट करून ठेवायचं, आणि केलं म्हणून सांगायचं नाही. सांगणं म्हणजे डांगोरा पिटणं. अप्पा चाळीस वर्षं ऑफिसात हेडक्लार्क होते आणि तिथेही म्हणे ते दुसऱ्यांच्या फायली नीट करून परत त्यांच्या टेबलावर ठेवत. "काम बोलतं," अप्पा म्हणत. "माणसाने तोंड घालायची गरज नाही." त्यांनी एकदा भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे केलं, कोणाला उशीर होऊ नये म्हणून. आईलाही तेच सुचलं, वेगळ्या दिवशी. मग देवदत्तला. त्या वर्षी घड्याळ एकवीस मिनिटं पुढे होतं आणि सगळे तरीही उशिराच पोचत, कारण प्रत्येकाला आपली सात मिनिटं माहीत होती. न्हाणीघराच्या आणि संडासाच्या दिव्यांची बटणं अप्पांनी तर्काला धरून अदलाबदल करून ठेवली. त्यानंतर दहा वर्षं आलेला प्रत्येक पाहुणा कोणालातरी अंधारात टाकून गेला. या गोष्टी ऋग्वेदा मित्रमैत्रिणींना सांगून हसवायची. पण तिला स्टूल आठवत नव्हतं. ती तेव्हा पाच वर्षांची होती.

स्टुलाचं ते आठवायला देवदत्तचा विरोध होता, आणि उतारावर न दाबता येणाऱ्या ब्रेकासारखा तो विरोध आत्ता कामाला येत नव्हता. आईचं स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल डुगडुगायचं. एका दुपारी अप्पांनी ते गॅलरीत उलटं केलं आणि चारही पायांचे दोन-दोन इंच करवतीने कापले. मोजून, पेन्सिलीची खूण करून. स्टूल उत्तम झालं, जरासुद्धा हलेना. चार पायांच्या चार गोल चकत्या खाली पडल्या आणि नऊ वर्षांच्या देवदत्तने त्या उचलल्या. त्याच्या पत्र्याच्या ट्रकला चाकं हवीच होती. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, भुसा केरसुणीने गोळा केला. दुसऱ्या दिवशी आई स्टुलावर चढली, वर न बघता वरच्या फळीवर हात टाकला, जिथे हात वीस वर्षं टाकत आली होती तिथे. बरणीचं तोंड असायचं तिथे बरणीचं पोट आलं. बरणी कलली, आई मागे सरकली. पुढचा आवाज देवदत्तने बाहेरच्या खोलीत ऐकला, ट्रक हातात धरून. मनगट वाकडं जुळलं ते जुळलंच. अप्पा दवाखान्यातून आले आणि त्याच रात्री स्टुलाच्या पायांखाली दोन इंचांचे रबराचे ठोकळे बसवले. कोणीच काही बोललं नाही. आई समजली की तिला चक्कर आली. देवदत्तला माहीत होतं. बावीस वर्षं माहीत होतं. तो ट्रक त्याने दुसऱ्याच दिवशी माळ्यावर टाकला, आणि रीत अशी की माळ्यावरचं कोणी काढत नाही.

केम्प्स कॉर्नरच्या पुलाखाली तो पोचला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. समोर रिज रोडचा चढ. वरून येणाऱ्याला जो उतार तो खालून जाणाऱ्याला चढ, हेही एक साधं सत्य त्याच्या मांड्यांना नव्याने कळत होतं. त्याने फोन पाहिला. ठिपका हँगिंग गार्डनपाशी थांबलेला. चहा. त्याने मेसेज उघडला आणि तो बघत असतानाच त्या दोन राखाडी खुणा निळ्या झाल्या. मग वर 'टायपिंग' आलं, गेलं, परत आलं. मग एक शब्द: 'बरं.'

देवदत्त फुटपाथच्या कडेला बसला. अगदी लहान मुलासारखं, पाय पसरून. वाचलं तिने. कळलं तिला. आता ती डाव्या हाताने मागचा दाबेल, सावकाश उतरेल, इथे थांबेल, शिव्या घालेल, आणि त्या शिव्या तो आयुष्यभर जपून ठेवेल. चालायला निघालेले एक गृहस्थ त्याच्यापाशी थांबले. पांढरे बूट, पांढरी चड्डी, हातात पांढरा कुत्रा. "ओरिजिनल है क्या?" त्यांनी सायकलीकडे बोट दाखवून विचारलं. देवदत्त म्हणाला, "फ्रंट ब्रेक नहीं है." "वो तो उस जमाने में होता ही नहीं था," गृहस्थ समाधानाने म्हणाले आणि पुढे गेले. तेवढ्यात फोन वाजला. अप्पा. अप्पा फोन नेहमी स्पीकरवर ठेवून बोलतात. मागे लसूण ठेचल्याचा आवाज येत होता.

"देवदत्त, माझी सायकल तुझ्याकडे आहे का?"

"हो."

"सांगून न्यायची."

"अप्पा, घाई होती. ऋगूच्या सायकलचे ब्रेक मी काल—"

"ते झालं," अप्पा म्हणाले.

"काय झालं?"

"कोणीतरी उलटे लावून ठेवले होते. दुपारी तुम्ही सगळे आडवे झालात तेव्हा मी होते तसे करून ठेवले. ती सायकल आली त्या दिवशीच मी वहीत चित्र काढून ठेवलं होतं, कुठली केबल कुठे जाते त्याचं."

देवदत्तला चढ, पूल, पांढरा कुत्रा, सगळं एकदम फार स्पष्ट दिसायला लागलं.

"तुम्हाला कळलं कसं पण, कोणी हात लावलाय म्हणून?"

"टेप. हँडलवरची टेप इतकी सुरेख गुंडाळली होती. या घरात कोणी उगाच इतकं सुरेख काम करत नाही."

"अप्पा, सांगायचं नाही का?"

लसूण ठेचायचा आवाज थांबला.

"तू सांगितलं होतंस?" अप्पांनी विचारलं.

त्याने फोन बंद केला. ठिपका हलला होता.

आता सगळं उलट झालं होतं, आणि उलटं करणारा तो होता. तिचे हात बरोबर होते. सायकल बरोबर होती. काल दुपारपासून आज सकाळी सहापर्यंत जगात सगळं जागेवर होतं आणि ऋग्वेदा अगदी सुखरूप होती, आणि मग त्याने तिला सावध केलं होतं. आता ती उतारावर स्वतःच्या हातांना समजावत असेल: डावा मागचा, डावा मागचा. घाबरली तर डावा दाबेल, मनापासून, भावाने सांगितलं म्हणून. आणि डावा पुढचा होता. त्याने फोन लावला. वाजत राहिला. लिहिलं: 'आधीचं विसर.' हे वाचून कोणाला काय कळणार होतं. परत लिहिलं: 'डावा पुढचाच. होतं तसंच आहे. थांब. उतरू नकोस.' राखाडी. राखाडी. फोन पिशवीत गेला होता.

तो चढ चढायला लागला. बसून जमेना, उभं राहून जमेना, मग सायकल हाताने ढकलत धावायला लागला. सायकल टाकून पळता आलं असतं, पण अप्पांची सायकल रस्त्यावर टाकायची, हे त्याच्या हाताला सुचलंच नाही. हाताला कळायला वेळ लागतो. टॉवेल गळ्याभोवती फिरून पुढे आला होता. तो दर दहा पावलांनी फोन बघत होता आणि ठिपक्यात काहीतरी चुकत होतं. दीड मिनिटाचा तो उतार. ठिपका एव्हाना त्याच्या अंगावरून जायला हवा होता. पण तो सरकत होता हळूहळू, रेंगाळत, मध्येच थांबत. सायकल अशी उतरत नाही. सायकलवरचं माणूस असं उतरत नाही. असं उतरतं ते उचलून आणलेलं माणूस. दोघांनी धरलेलं, तिसरा वाट करून देतोय. त्याच्या डोक्यात हे चित्र इतकं नीट, पेन्सिलीची खूण केल्यासारखं उभं राहिलं की त्यात तिच्या हेल्मेटचा सुटलेला पट्टाही दिसला. वरून गाड्या येत होत्या, शांतपणे, रविवारच्या गाड्या. त्यांतला एकही माणूस काही बघून आल्यासारखा दिसत नव्हता, आणि याचाही त्याने वाईटच अर्थ लावला. त्याला नऊ वर्षांचा असताना ऐकलेला तो आवाज आला, बरणीचा नाही, बरणीनंतरचा. आणि आपण तेव्हा ट्रक खाली ठेवून आत जायला किती वेळ लावला होता ते आठवलं. खूप. आधी चाकं काढून खिशात घातली होती.

वळणावर भिंतीच्या कडेने ऋग्वेदा येत होती. चालत. सायकल हाताने धरून. हेल्मेट हँडलला अडकवलेलं, चेहरा पांढराफटक, पण सगळी शाबूत, दोन पाय, दोन हात.

देवदत्त थांबला. दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली, मधे दोन सायकली.

"टॉवेल का?" ती म्हणाली.

"वाळत घालत होतो."

तिने मान हलवली. या उत्तरात तिला काही खटकलं नाही.

"चालत का आलीस?" त्याने विचारलं.

"तुझा मेसेज आला ना."

"हो, पण त्यात लिहिलं होतं की—"

"ते नंतर वाचलं. आधी नुसतं बघत बसले. दादाने सांगितलंय. आपल्या घरात. केल्यावर का होईना, आपणहून." ती हसली नाही. "म्हटलं, काहीतरी भयंकर झालंय. अप्पा गेले इथपर्यंत येऊन गेलं डोक्यात. पायच थरथरायला लागले. अशा पायांनी कोण उतरणार? चहा पण तसाच टाकला. फोन वाजत होता, तो काढायचाही धीर झाला नाही. दर चार पावलांनी थांबतेय."

देवदत्तने सायकल भिंतीला टेकवली. "मेसेज चुकीचा आहे. मी बदलले होते, पण अप्पांनी परत होते तसे केले. काल दुपारी. मला आत्ता कळलं."

ऋग्वेदाने दोन्ही लिव्हरकडे आळीपाळीने पाहिलं, जणू त्या काही बोलणार होत्या. मग पुढचं चाक उचलून धरलं. देवदत्तने ते फिरवलं. तिने डावा दाबला. चाक थांबलं.

"पुढचा," ती म्हणाली. "म्हणजे मी खाली आले असते तर..." तिने चाक खाली ठेवलं. बराच वेळ हाताची बोटं मिटत आणि उघडत राहिली.

"मी तुझ्या सायकलवरून पडलो होतो," देवदत्त म्हणाला. "पाववाल्यासमोर. म्हणून बदलले. तुझ्यासाठी वगैरे काही नाही."

"माहितीये. टेप फाटली होती. मी नवीन गुंडाळली."

म्हणजे काल त्याने जी टेप सोडली ती इतकी नवी का वाटत होती, तेही कळलं. "मग सांगितलं का नाहीस?"

"तू चिकटपट्टी लावून बसला होतास ना समोर. म्हटलं, कळवलंयस तेवढं पुरे."

पांढऱ्या चड्डीचे गृहस्थ वर चढून आले, दोन सायकलींकडे आणि टॉवेलकडे बघून अदबीने बाजूने गेले. ऋग्वेदा ते दिसेनासे होईपर्यंत थांबली.

"मी परत जाणार नाहीये," ती म्हणाली. "तिथली नोकरी येण्याआधीच गेली होती. आणि अनिशचंही संपलं. सांगून ठेवते."

अनिश कोण, हे देवदत्तला माहीत नव्हतं. चार वर्षांत ते नाव घरात कोणी ऐकलं नव्हतं. त्याला काहीतरी नीट करावंसं वाटलं. हाताजवळ काही नव्हतं, म्हणून त्याने अप्पांच्या सायकलीचा दिवा सरळ केला. मग तो सोडून दिला.

"अनिश कोण?" त्याने विचारलं.

"सांगते. चालता चालता," ती म्हणाली.

ते उतरायला लागले. दोन सायकली, चार लिव्हर, तीन ब्रेक, आणि एकही दाबायची वेळ नाही. दहा पावलं झाली असतील, दोघांचे फोन एकदम वाजले. ग्रुप. अप्पांचा मेसेज होता, ज्या ग्रुपवर अप्पा सुविचारांखेरीज काही पाठवत नसत तिथे. 'देवदत्त, सायकल सावकाश आण. तिला पुढचा ब्रेक नाही. मी १९९८ साली काढला. सांगायचं राहिलं.'

दोघांनी तो दोनदा वाचला. ऋग्वेदा म्हणाली, "अप्पांनी सांगितलं?" आणि तिचा आवाज मघासारखाच घाबरा झाला. तेवढ्यात वर 'आई टायपिंग' असं दिसायला लागलं. दिसतच राहिलं. आई वाकड्या मनगटाने हळू टाईप करते, हे खरं, पण इतकं हळू नाही. दोघं उतारावर थांबून वाट बघत राहिली, सायकली पोटाशी धरून. मग आलं.

'अहो, सांगायला सुरुवात झालीच आहे तर स्टुलाचंही सांगून टाका.'

अप्पांचं 'टायपिंग' आलं नाही. एक बस खालून वर आली, वळली, गेली.

"कुठलं स्टूल?" ऋग्वेदाने विचारलं. "दादा? कुठलं स्टूल?"

देवदत्तने सायकल कमरेला टेकवली, म्हणजे दोन्ही हात मोकळे होतील. टॉवेलने अंगठा पुसला. आणि लिहायला लागला: 'आई, मी बघितलं होतं. चकत्या माझ्याकडे आहेत.'